चोरकप्पा

पुरुषाच्या अंगावर खिसे किती असतात ते एकदा मोजून पाहावे. सदऱ्याला एक, पाटलोणीला मागेपुढे मिळून चार, समारंभासाठी कोट चढविला की त्याला बाहेरून तीन आणि आत छातीपाशी एक. नऊ झाले. हा नऊ खिशांचा गृहस्थ हात हलवीत मांडवात शिरतो. त्याच्या शेजारून त्याची बायको चालत असते. घराच्या किल्ल्या, आहेराचे पाकीट, मुलाचे औषध, परतीची तिकिटे आणि ह्याच गृहस्थाचा चष्मा, सारे तिच्याजवळ असते; पण तिच्या अंगावर एकही खिसा नसतो. एका टीचभर पर्समध्ये तिने ते कोंबलेले असते, आणि वर ती पर्स शोभून दिसावी अशीही सर्वांची अपेक्षा असते.

पूर्वी बाईला खिसा नव्हता, पण जागा होती. नऊवारी लुगड्याला कनवट असे. कमरेशी मुरड घालून तीत चार नाणी खोचली की ती बाजारात, विहिरीवर, भांडणात, कुठेही पडत नसत. ओच्यात शेरभर शेंगा मावत. पदराच्या टोकाला मारलेल्या गाठीत आठवण राही आणि वेळप्रसंगी अधेलीही राही. शिवाय म्हाताऱ्या बायकांच्या कमरेला बटवा असेच. बटव्याचे दोन बंद दोन बाजूंना ओढले की तोंड मिटते, कडा धरून ताणल्या की उघडते. ह्याहून साधे आणि ह्याहून शहाणे यंत्र मी पाहिलेले नाही. आत चार-पाच कप्पे. एकात सुपारी, एकात लवंग-वेलदोडा, एकात बाळाच्या पोटदुखीवरची मुरुडशेंग, आणि सर्वांत आतल्या कप्प्यात पैसे. 'आजीबाईचा बटवा' म्हटले की आता आपल्याला फक्त काढे आणि चाटणे आठवतात. पैशांचा कप्पा लोक विसरून गेले आहेत.

मग पाचवारी आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी घरांतून लुगडे हळूहळू मागे पडले. चालणे सुटसुटीत झाले, धुणे हलके झाले, आणि पैसे ठेवायचे कुठे हा प्रश्न बाईच्या हातात आला, अगदी अक्षरशः हातात.

ही हकीकत काही आपल्याच देशातली आहे असे नव्हे. अठराव्या शतकात युरोपातील स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला नाडीने खिसे बांधीत. झग्याला बाजूने चीर ठेवलेली असे, तीतून हात घालून हवे ते काढावयाचे. शतक संपता संपता झगे पातळ आणि सरळ झाले, आतल्या खिशांचा फुगवटा दिसू लागला, आणि खिसा बाहेर पडून हातात आला. ती दोरीने तोंड आवळायची लहानशी पिशवी म्हणजे आपला बटवाच. तिला रेटिक्यूल म्हणत. थट्टेखोर मंडळी तिला रिडिक्यूल, म्हणजे हास्यास्पद, म्हणू लागली. ती मंडळी पिशवीला किती हसत होती आणि तिच्यातल्या पैशांना किती, कोण जाणे!

आता पर्सच्याही दोन जाती आहेत. दिवसाची पर्स ही पिशवीची बहीण. तीत डबा जातो, छत्री जाते, येताना कोथिंबिरीची जुडीही जाते. संध्याकाळची पर्स ही दागिन्यांची बहीण. ती समारंभापुरती बाहेर पडते, हातात मिरवते, आणि घरी आल्यावर कपाटात वर्षभर झोपते. म्हणूनच तिच्यावर फार खर्च करू नये असे माझे मत आहे. बाजारात मात्र दुकानदारांचे मत अगदी उलट. गेल्या वर्षी पुण्याला एका मोठ्या दुकानात मला खणाचा बटवा दाखविण्यात आला. मी हौसेने हात पुढे केला, तर दुकानातील मुलगी म्हणाली, "ही पोटली आहे." बटव्याचे नाव बदलले आणि किंमत तिप्पट झाली! मी तो बटवा पुन्हा मिटून ठेवला. बंद मात्र छान सरकत होते.

माझी नात गेल्या वर्षीपासून माझ्याकडे मळवलीला राहते. तळेगावच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली आहे. सकाळी मळवलीला लोकल धरली की कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव. तिच्या कारखान्याचा वार्षिक समारंभ लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात व्हावयाचा होता, आणि तोही रात्रीचा. त्यासाठी तिने तुळशीबागेतून २८० रुपयांना एक पर्स आणली. आणली तेव्हा ती खुशीत होती. दुसऱ्या दिवशी कामावरून आली ती तोंड पाडून. बरोबरच्या मुलींनी आपापल्या पर्सची चित्रे फोनवर एकमेकींना दाखविली होती. त्यांतल्या एकीची किंमत म्हणे हिच्या अर्ध्या पगाराएवढी होती.

"आजी, हिचं काहीतरी कर ना," असे म्हणून तिने ती पर्स माझ्या पुढ्यात टाकली.

मी चष्मा लावून पाहिली. पुठ्ठ्यावर ताणलेले काळे साटिन, वर सोनेरी चौकट, चौकटीला दोन गोळ्या एकमेकींवर घासून बंद होणारा खटका. समोर रंगीत काचांचा मोर. मोराला पिसारा भरगच्च होता, पाय नव्हते. साखळी पिवळी, आणि आताच कुठे कुठे तिचा खरा पांढरा रंग डोकावू लागलेला. पण मी खटका दहा वेळा उघडला, मिटला. दहाही वेळा तो टक्क वाजला. साखळीच्या कड्या चौकटीत पक्क्या बसविलेल्या होत्या. स्वस्त पर्स घेताना एवढेच पाहावे. कापड बदलता येते, साखळी बदलता येते, मोर तर केव्हाही उडविता येतो. खटका सैल असेल तर मात्र त्या पर्सला देवही वाचवू शकत नाही.

पर्स आपल्या तऱ्हेची करावयाची म्हणजे तिच्यावर आणखी काही चिकटवावयाचे, अशी पुष्कळजणींची समजूत असते. मणी, टिकल्या, आरसे, लेस, वर एक फूल. माझी पद्धत उलटी आहे. आधी काढावयाचे, मग आत काय जाणार ते ठरवावयाचे, आणि बाहेरच्या शोभेकडे सर्वांत शेवटी वळावयाचे. मी नातीला सांगितले, "त्या रात्री काय काय नेणार ते सारं टेबलावर मांड." तिने मांडले. फोन, लोकलचा पास, घराची किल्ली, रुमाल, दोन पिना, डोकेदुखीची गोळी. "आणि पैसे?" "पैसे फोनमध्येच असतात, आजी." हे मला ठाऊक आहे. माझ्या भाजीवाल्याच्या गाडीवरही तो चौकोनी काळा-पांढरा कागद लटकलेला असतो. तरीही मी म्हटले, "पैशांची जागा मी करणार."

मोर उडविण्याचे काम सोपे निघाले. अशा काचा बहुधा डिंकासारख्या एका पदार्थाने चिकटविलेल्या असतात आणि तो उष्णतेने मऊ होतो. नातीच्या हेअर ड्रायरचा वारा थोडा वेळ धरला, मग नखाने एकेक काच उचलली. उरलेला चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. आधी तळाशी एका कोपऱ्यात बोळा फिरवून रंग निघत नाही ना ते पाहिले होते. तरीसुद्धा मोराची सावली साटिनवर राहिलीच. आता तिथे काहीतरी कापड लागणार हे उघड झाले, आणि मला आईचे इरकली लुगडे आठवले.

ते लुगडे माझ्याकडे नव्हते, वहिनींकडे होते. आमचे माहेरचे घर भाज्याच्या वाटेवर. मळवली आणि भाजे ह्यांच्यामधून आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धावतो. २००२ साली तो पूर्ण झाला तेव्हापासून माहेरी जायचे तर पूल ओलांडून जावे लागते. खालून गाड्यांचा लोंढा वाहत असतो आणि वरून आपण कढीचा डबा घेऊन चाललेलो असतो.

इरकली लुगडे नव्या मुलींनी फारसे पाहिलेले नसते, म्हणून सांगते. ते विणले जाते इलकल गावी. पोलक्याचा खण येतो तो मुख्यतः गुळेदगुड्डहून. ही दोन्ही गावे आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. पूर्वी तो सारा भाग विजापूर जिल्ह्यात, आणि १९५६ पर्यंत विजापूर मुंबई राज्यात होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, बायकांच्या पेट्या बदलल्या नाहीत. इरकलीची मौज तिच्या पदरात आहे. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांच्या फासांत अडकवून जोडतात आणि मग विणतात. अंग सुती असले तरी पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे. आईचे लुगडे काळ्या अंगाचे होते. रोजची दोन लुगडी निराळी, हे ठेवणीतले.

पण मला ते आठवले ते पदरासाठी नव्हे, कनवटीसाठी. आमची आई मे महिन्यात डोंगरावरून करवंदे काढून आणी, पानांचे द्रोण भरी आणि मळवली स्टेशनावर गाड्यांच्या खिडक्यांशी विकी. पावसाच्या तोंडाला जांभळे. हा पैसा तिचा. घरातल्या भाताचा पैसा वडिलांच्या हातात असे. करवंदांच्या पैशाचा हिशेब कुणी विचारीत नसे आणि ती सांगतही नसे. माझ्या शेवटच्या परीक्षेची फी भरावयाची होती. भात विकले की देऊ, असे वडील म्हणाले होते. ते खोटे बोलत नव्हते. पण त्या साली बैल मेला आणि भाताचे पैसे बैलात गेले. फी भरण्याच्या आदल्या दिवशी गावात एक बारसे होते म्हणून आईने हे ठेवणीतले लुगडे नेसले होते. बारशाहून आल्यावर ती चुलीपाशी उभी राहिली, कनवटीत हात घातला, आणि माझ्या तळहातावर १८ रुपये मोजले. काही नाणी होती, काही चुरगळलेल्या नोटा होत्या, आणि सगळ्यांना तिच्या अंगाची ऊब होती. "कुणाला बोलू नको," एवढेच म्हणाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहेतीस वर्षे मास्तरीण होते, ती त्या १८ रुपयांवर.

वहिनींना मी पदराचे विचारले तेव्हा त्या तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला.

"वन्सं, सासूबाईंच्या लुगड्याला कात्री लावायची, ती ह्या कचकड्याच्या पर्ससाठी?"

त्यांचे चुकत नव्हते. आईच्या पाठीमागे वीस वर्षे त्यांनीच ते जपले होते. दर दसऱ्याला बाहेर काढून घडी बदलीत, लवंगांची पुरचुंडी नवी घालीत. तरी रेशीम आपल्या वयाने घडीवर विरतेच. पदराला दोन ठिकाणी आडव्या चिरा गेल्याच होत्या. मी म्हटले, "जुन्या लुगड्यांना कात्री लागतच आली आहे की, वहिनी. गोधड्या कशाच्या झाल्या? तुमच्या मुलांची दुपटी कशाची झाली?"

"ती रोजच्या लुगड्यांची," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. विषय संपला. वहिनींचा विषय संपला की तो खरोखरच संपतो.

पुढच्या रविवारी नातीला घेऊन एकवीरेला जावयाचे आधीच ठरले होते. पहिल्या पगारापासून ओटी भरावयाची राहिली होती. वहिनीही बरोबर आल्या. इंद्रायणीचा पूल, कार्ले फाटा, मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने. त्यांत नारळ, वेण्या आणि ओटीच्या खणांच्या रंगीत चवडी. ह्या ओटीच्या खणांचे एक निराळेच चक्र असते. हळदीकुंकवाला एकीने दुसरीला द्यावा, तिने डोहाळजेवणाला तिसरीला, आणि पाच-सात घरे हिंडून तो आपल्याच कपाटात परत यावा. माझ्याकडे असे वीस-पंचवीस असतील. एकाचेही माप माझ्या पोलक्याला पुरत नाही. पर्सच्या अस्तराला मात्र ते नामी. अस्तर फिक्या रंगाचे असावे. काळ्या पर्सच्या काळ्या अस्तरात किल्ली शोधणे म्हणजे अमावास्येला मांजर शोधणे.

दर्शन झाल्यावर आम्ही शेजारच्या लेण्यात गेलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेला तो चैत्य मी शाळेच्या सहलींबरोबर इतक्या वेळा पाहिला आहे, की मुलांच्या ओळी मोजण्यापलीकडे मला तिथे काही सुचू नये. पण त्या दिवशी माझी नजर दाराजवळच्या जोडप्यांवर गेली. त्या दगडी स्त्रियांच्या कानांत भारी कुंडले, कमरेला मेखला, पायांत जड तोडे. मी नातीला भिंतींवरचे ब्राह्मी लेख दाखविले. हे दान कुणी दिले, तो खांब कुणाचा, अशी नावे त्यांत आहेत. व्यापारी आहेत, यवन आहेत, आणि बायकाही आहेत. एक लेख महादेवणक नावाच्या कुणाची आई, भायिला, हिच्या दानाचा आहे.

"म्हणजे तिचे स्वतःचे पैसे होते?" नातीने विचारले.

"दान तिच्या नावावर आहे खरं."

"मग ती ठेवत कुठं असेल गं?"

मला हसू आले. वहिनी मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पायऱ्या उतरताना अर्ध्यावर दम खायला बसल्या तेव्हा त्यांनी एकदम विचारले, "वन्सं, त्या पर्सला आतून चोरकप्पा करणार आहात?"

"करणार तर."

"सासूबाईंनी मलाही दिले होते. माझ्या आईच्या आजारपणात, गाडीभाड्याला. कनवटीतून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हातभर पदर देते. जास्त मागू नका."

इतक्या वर्षांत ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आमची आई खरोखरच कुणाला बोलली नव्हती.

त्या संध्याकाळी वहिनींनी लुगडे पाटावर पसरले. कापावयाचे कुठे, हे त्यांनीच दाखविले. अंगाचा नि पदराचा जोड जिथे आहे तिथून चार बोटे सोडून, म्हणजे जोड लुगड्याकडेच राहील आणि उसवणार नाही. जुने रेशीम कापताना घाई करू नये. जिथे कात्री चालवावयाची त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी बारीक धावदोरा घालावा, मग दोन्ही धावदोऱ्यांमधून कापावे. धागे सुटत नाहीत. लाल रंग ओला झाला की उतरतो का, तेही आधी पाहावे. पांढरी चिंधी ओली करून कापडावर ठेवावी आणि वरून कोमट इस्त्री दाबावी. आमची चिंधी किंचित गुलाबी झाली. म्हणून तो तुकडा थंड पाण्यात मीठ घालून बुडविला, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलले, आणि सावलीत वाळविला. विरलेल्या रेशमाच्या पाठीला पातळ सुती कापड जोडले, नाहीतर ते पर्सवर ताणताक्षणी फाटले असते.

आता पर्सचे पोट उघडले. अस्तराची तळाची शिवण उसवली की आतला पुठ्ठा सरकवून बाहेर काढता येतो, आणि मग साटिन मोकळे मिळते. पुठ्ठ्यातून सुई घालण्याचा हट्ट पुष्कळजणी करतात. बोटेही टोचतात आणि टाकेही वाकडे येतात. समोरच्या अंगावर पदराचा तुकडा ठेवून कडेने हेम घातली. मोराची सावली त्याखाली गेली. पांढऱ्या नक्षीचा एक पट्टा बरोबर खटक्याच्या खाली येईल असा बेतला. ही तेवढी माझी हौस.

मागच्या बाजूवरून मात्र आमचे वाजले. मी म्हणत होते, भाताची लोंबी काढू. मावळाला शोभेल, आणि गहू टाक्यात ती सुरेखही येते. नात म्हणाली, "लोंबी तुझी, आजी. मला डोंगर हवाय." ती दर पावसाळ्यात लोहगड-विसापूर चढते, ओली चिंब होऊन येते आणि मला काळजीत घालते. तिने कागदावर एका रेघेत विसापूरची लांब सपाट पाठ काढली, मध्ये खिंड, मग लोहगड आणि त्याची ती पुढे निघालेली विंचूकाट्याची सोंड. रेघ चांगली होती. मास्तरणीची सवय, मी तिला मनातल्या मनात दहापैकी आठ दिले. "पण ही पुढं का नको?" मी विचारले. "मागेच. माझ्या बाजूला." पर्स हातात धरली की मागची बाजू अंगाकडे असते. साखळी टाक्यात, पारव्या रंगाच्या रेशमाने तिनेच ती रेघ भरली. दोन ठिकाणी टाका मोठा पडला आहे. तो मी तसाच राहू दिला.

साखळी काढून टाकली. तिच्या जागी गोफ हवा होता. लहानपणी पटवेकऱ्याला करताना पाहिला होता तसा मी चार पदरी रेशमाचा गोफ वळला आणि त्याच्या टोकाला लाल गोंडा केला. गोफ नेहमी वाटतो त्याहून वीतभर लांब ठेवावा. समारंभात एका हातात ताटली नि दुसऱ्यात पेला आला की पर्स खांद्यावर जावी लागते, आणि आखूड गोफ काखेत रुततो. मोत्यांची माळ लावावी असे नातीच्या मनात होते. तिला सांगितले, लाव, पण दर तीन मण्यांमागे गाठ मार. तुटली तर हॉटेलभर मोती वेचीत बसायला नको. गाठी मारायच्या म्हटल्यावर मोत्यांचा बेत आपोआप रद्द झाला.

अस्तर पिवळ्या खणाचे केले. त्यात फोनचा कप्पा, पासाचा कप्पा. आणि चोरकप्पा. ह्याची जागा सांगू नये, पण दिवाळी अंकाच्या वाचकांपासून काय लपवावयाचे? वर चौकटीच्या लगत, अस्तराच्या शिवणीतच त्याचे तोंड ठेवले, आणि आत एक लहान टिचबटण. वरून पाहिले तर नुसती शिवण दिसते. दोन बोटे घातली तरच सापडतो.

सगळे मिळून माझे बारा-तेरा दिवस गेले, रोज दुपारचा एखादा तास. खर्च म्हणाल तर रेशमाच्या लडी आणि टिचबटण मिळून नव्वद रुपयांच्या आत. पर्स वहिनींना दाखविली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, पदरावरून हात फिरविला, डोंगराकडे पाहून "हे काय?" असे विचारले, आणि मग कनवटीतून नव्हे, कारण त्याही आता पाचवारीच नेसतात, पण पोलक्याच्या आतून एक पाचशेची नोट काढून चोरकप्प्यात सरकविली. "रिकामा बटवा पोरीच्या हातात देऊ नये."

समारंभात काय झाले ते मी पाहिले नाही. नातीने सांगितले तेवढेच. एका मुलीने पर्स कुठून आणलीस म्हणून विचारले. हिने सांगितले, "तुळशीबागेतून, दोनशे ऐंशीला." तिचा विश्वास बसला नाही. जिची पर्स अर्ध्या पगाराची होती, तिने नुसता गोंडा हातात धरून पाहिला आणि काही बोलली नाही. एवढ्यावरून काय समजावयाचे ते मला कळत नाही, आणि नातीलाही कळले नाही. जेवणे लांबली. कारखान्याच्या बसची वाट पाहण्यात शेवटची लोकल निघून गेली, आणि दिवसभर चित्रे काढून काढून फोन मिटला. फोन मिटला म्हणजे पैसेही मिटले. लोणावळ्याहून मळवलीला यायला रिक्षावाल्याने अडीचशे मागितले. बाई रात्री साडेअकराला दारात उतरली ती रिक्षावाल्याला उरलेले अडीचशे परत मागत, कारण त्याच्याकडे सुटे नव्हते. मी सुटे दिले. पर्स तिच्या काखेत नव्हती, खांद्यावर होती. गोफ लांबीला बरोबर बसला होता.

पुढच्या महिन्याच्या पगाराला तिने चोरकप्प्यात पाचशेची नोट परत ठेवली. वहिनींना सांगितले नाही; मला सांगितले.

आता तिच्या एका मैत्रिणीची पर्स माझ्या टेबलावर येऊन पडली आहे. रंग जांभळा, त्यावर निळ्या काचांचे हृदय. खटका उत्तम आहे. मैत्रिणीची आजी पलीकडे पवन मावळात असते, आणि तिचे एक हिरवे लुगडे आहे म्हणे; तिला विचारायला दोघी येत्या रविवारी जाणार आहेत. तोवर मी काचा काढून ठेवते.